चुलीवरची मिसळ, सुपारीच्या प्लेटा आणि मागच्या दाराची बादली

पत्र थोडक्यात असं: नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांच्या पट्ट्यात एका कुटुंबाचं मिसळीचं हॉटेल आहे. सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी टपरीवर सुरू केलं, आता पत्र्याची मोठी शेड, समोर लॉन, झोपाळे आणि 'चुलीवरची मिसळ' असा बोर्ड. रविवारी चारशेच्या आसपास प्लेटा जातात. पत्र लिहिणाऱ्या ताई घरातली सून, हिशोब आणि स्वयंपाकघर त्याच बघतात. सातवीतल्या लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी एका रविवारी पार्सलच्या प्लास्टिक पिशव्या मोजल्या, चौसष्ट भरल्या, आणि "आई आपण दर आठवड्याला एवढं फेकतो?" असं विचारलं. तेव्हापासून ताईंना चैन नाही. त्यांनी स्टीलच्या ताटल्या बाजूला ठेवून सुपारीच्या पानाच्या प्लेटा आणल्या, चहाला पेपर कप आणले, पार्सलला उसाच्या चिपाडाचे, बगॅसचे म्हणतात ते डबे आणले. तीन रुपयांच्या डब्याला आता नऊ रुपये पडतात. सासरे म्हणतात हे श्रीमंतांचे चोचले आहेत. नवरा म्हणतो करायचंच तर मोठं करू, कर्ज काढून सोलर बसवू आणि 'इको-फ्रेंडली मिसळ' असा बोर्ड लावू. त्यात एका गिऱ्हाईकाने "तुमची चूलच तर प्रदूषण करते" असं सुनावलं. ताई विचारतात, सासऱ्यांना कसं पटवू आणि सुरुवात नेमकी कुठून करू? की सगळं सोडून परत पिशव्यांवर येऊ?

ताई, आधी तुमच्या लेकीचं कौतुक करते. पण तिने मोजलं ते काउंटरवरचं, कारण तिला तेवढंच दिसलं, आणि तुम्ही खरेदी केली तीसुद्धा काउंटरवरच्याच वस्तूंची. तुमच्या चार पानी पत्रात 'प्लेट' हा शब्द अकरा वेळा आलाय (मीही मोजलं, सवय लागली) आणि 'खरकटं' एकदाही नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न, मागच्या दाराला मोरीपाशी जी खरकट्याची बादली असते ती रविवारी दुपारी तीन वाजता किती भरलेली असते?

मी स्वतः पुण्यात अकरा वर्षं विद्यार्थ्यांची मेस चालवलीय, त्यामुळे ही बादली मला चांगली माहितीये. ती आपल्याला दिसत नाही असं नाही, दिसते, पण तिच्याकडे बघायचं नसतं कारण ती धंद्याचा भाग आहे असं आपण धरून चाललेलो असतो. लोक टाकतात, आपण काय करणार. मला वाटतं तुमचं खरं काम इथून सुरू होतं आणि गंमत म्हणजे याला एक रुपया खर्च नाहीये.

पुढच्या रविवारी भाजी तोलायचा काटा मोरीपाशी ठेवा आणि तीन बादल्या वेगळ्या करा. एकीत चिराचिरीचा कचरा, म्हणजे कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, पिळलेली लिंबं. दुसरीत ताटात उरलेलं. तिसरीत शिजवलं पण विकलंच गेलं नाही ते. तिन्हींचं वजन वहीत लिहायचं. एवढंच, पहिल्या रविवारी काही सुधारायचं नाही, कुणाला ओरडायचं नाही, फक्त लिहायचं. साधा हिशोब बघा, माणशी साठ ग्रॅम जरी उरलं, म्हणजे दोन घोट रस्सा आणि पावाचा तुकडा, तरी चारशे प्लेटांचे २४ किलो होतात. एका रविवारचे. तुमच्या त्या ६४ पिशव्या सगळ्या मिळून किलोभर तरी भरतील का?

हे मी पिशव्यांना हलकं लेखायला म्हणत नाहीये, त्यावर येतेच. पण त्या २४ किलोत काय आहे ते बघा. देशातली बहुतेक मटकी राजस्थानच्या कोरडवाहू रानात पिकते, ती ट्रकने तुमच्यापर्यंत आली, दोन दिवस पाण्यात आणि फडक्यात राहिली, तुमच्या गॅसवर नाहीतर चुलीवर शिजली, तिच्यावर तेलाची तर्री आली, आणि मग ती बादलीत गेली. तिथून कचऱ्याच्या ढिगात, जिथे हवा लागत नाही तिथे ती सडते आणि मिथेन तयार होतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं २८ टक्के हॉटेलं, कॅन्टीन वगैरे ठिकाणचं होतं. म्हणजे आपल्यासारख्यांचं.

आता तुम्ही म्हणाल रस्सा अनलिमिटेड आहे, तो बंद केला तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाईल. बंद करूच नका. पण तो वाढता कसा ते बघा. बऱ्याच ठिकाणी मोठा वाडगा काठोकाठ भरून ठेवतात म्हणजे परत परत उठायला नको, आणि त्यातला अर्धा तसाच राहतो, वर तेलाचा थर थिजलेला. त्याऐवजी लहान वाटी ठेवा आणि एक पोरगा बादली-ओगराळं घेऊन पंक्तीत फिरतो तसा फिरू द्या, "रस्सा? रस्सा?" करत. लोकांना तेच जास्त आवडतं, आग्रह झाल्यासारखं वाटतं. मागाल तितकं, पण मागाल तेव्हा. कांदा-लिंबाची डिश टेबलाला एक, पाव आधी दोन, लहान मुलांसाठी छोटी मिसळ वेगळ्या भावाने. पुण्यात २०१८ च्या सुमारास पाणी कमी होतं तेव्हा बऱ्याच हॉटेलांनी ग्लास अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली होती, हवं तर परत घ्या, तीच युक्ती ही. कुणी भांडलं नाही.

तिसऱ्या बादलीचा इलाज वेगळा आहे. मटकीला मोड आले की ती परत सुकी होत नाही, म्हणजे रविवारचा अंदाज तुम्हाला शुक्रवारी भिजत घालतानाच बांधावा लागतो. तो अंदाज सध्या कोण बांधतं? माझी पैज आहे की कुणीतरी हाताच्या अंदाजाने, "मागच्या वेळी कमी पडली होती" या भीतीने बांधतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती किलो भिजवली आणि किती प्लेटा गेल्या एवढं लिहायला लागा. दोन-तीन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की एकादशीला काय होतं, पाऊस लागला की काय होतं, दहावीच्या परीक्षांत काय होतं, लग्नाची दाट तिथ असली की लोक मिसळ खायला येत नाहीत. आणि तरी उरली मोडाची मटकी तर ती शिजवायच्या आधीच बाजूला काढा, सोमवारी कामगारांना उसळ होते.

आता सुपारीच्या प्लेटा. ताई, रागवू नका, पण ही अदलाबदल उलटी झाली. स्टीलची ताटली तुमच्याकडे होतीच, सासऱ्यांच्या काळापासूनची असेल, अजून वीस वर्षं चालेल, आणि ती बाजूला ठेवून तुम्ही एकदा वापरून फेकायची वस्तू विकत आणली, जी बहुतेक दक्षिणेतून ट्रकने येते. पर्यावरणाला पूरक दिसणारी वस्तू आणि पर्यावरणाला पूरक असणारी वस्तू यात फरक पडतो तो असा. धुण्याचं पाणी वाचतं असं कुणीतरी सांगितलं असणार. खरकटं आधी कोरडंच झटकलं, मग तीन टबांत धुतलं, एकात साबण, एकात खळबळून, एकात स्वच्छ, आणि नळाची धार सोडून ठेवायची सवय मोडली तर पाणी खूपच कमी लागतं. तुमच्याकडे आरओ असेल तर त्यातून बाहेर पडणारं पाणी पहिल्या झटक्याला आणि फरशी पुसायला घ्या, सध्या ते सरळ मोरीत जात असणार. सुपारीच्या उरलेल्या प्लेटा फेकू नका, लॉनवर वाढदिवस-बिढदिवसाची ऑर्डर असेल तेव्हा वापरून संपवा.

पेपर कप तर आजच थांबवा. तो नावाचाच पेपर, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहाने तो दोन मिनिटांत लोळागोळा झाला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की असल्या कपात १०० मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. काचेचा कटिंग ग्लास काय वाईट होता? फुटतात म्हणाल, फुटतात खरे, पण महिन्याला दहा-पंधरा ग्लास फुटले तरी ते कपांच्या बिलापेक्षा स्वस्तच.

मग राहिलं पार्सल, जिथून हे सगळं सुरू झालं. पातळ पिशवीत उकळता रस्सा ओतायचा, वर गाठ मारायची, ही जी आपली पद्धत आहे ती सोडाच, परत त्यावर यायचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, ग्लास, स्ट्रॉ देशभर बंद. कायदा बाजूला ठेवला तरी त्या गरम रस्स्यात त्या पिशवीतून काय उतरतं याचा विचार केला की मला पार्सलची मिसळ नको वाटते.

पण बगॅसचा डबा हाही पूर्ण इलाज नाहीये. तो कंपोस्ट होतो खरा, पण कुठे? तुमचं गिऱ्हाईक तो घरी नेऊन सगळ्या कचऱ्यात टाकणार, घंटागाडीत जाणार, ढिगात दबणार. तिथे त्याचं खत होत नाही, तिथे तो त्या मटकीसारखाच सडतो. आणि मक्याच्या प्लास्टिकचे म्हणून जे पारदर्शक डबे विकतात ते तर घरच्या खतात कुजतच नाहीत, त्यांना साठ अंशाच्या आसपासचं तापमान धरून ठेवणारा मोठा प्लांट लागतो. 'कंपोस्टेबल' म्हणून कुणी माल गळ्यात मारत असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा, निम्मे विक्रेते तिथेच गडबडतात.

त्यापेक्षा गिऱ्हाईकाचा स्वतःचा डबा. हसू नका, तुमच्या सासऱ्यांना विचारा टपरीवर लोक पार्सल कशात नेत होते. कडीच्या डब्यात नेत होते! बोर्डवर लिहा, डबा घेऊन या, दहा रुपये कमी. नऊ रुपयांचा डबा वाचला तर दहातले नऊ तिथेच निघाले, तुमच्या खिशातून गेला एक रुपया. नेहमीच्या लोकांसाठी स्टीलचे डबे ठेवा, दीडशे-दोनशे रुपये अनामत घ्या, डबा परत आणला की पैसे परत. हे सगळ्यांना जमणार नाही, हायवेवरचं गिऱ्हाईक डबा घेऊन येत नसतं, त्यांच्यासाठी बगॅसचे डबे ठेवा आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा, म्हणजे कळतं तरी. ॲपवर ऑर्डर घेत असाल तर चमचे-टिश्यू मागितल्याशिवाय पाठवू नका, झोमॅटोने तर २०२१ पासून तशीच सोय केलीय की गिऱ्हाईकाने मागितले तरच चमचे. तरी बरीच हॉटेलं सवयीने पिशवीत कोंबतात. घरी मिसळ मागवणाऱ्याकडे चमचा नसतो का?

(एक कबुली. मी मेसमध्ये असताना उत्साहात खताचा मोठा ड्रम आणला आणि त्यात सगळंच टाकलं, आमटी, तेलकट भाजी, सगळं. पंधरा दिवसांत असा वास सुटला आणि अशा अळ्या झाल्या की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली आणि मला तो ड्रम रातोरात हलवावा लागला. तेव्हा खताला फक्त पहिली बादली, चिराचिरीची, आणि चहाचा चोथा. वर सुका पाला, थोडी चुलीची राख. लिंबं फार नकोत. कांद्याची सालं ढिगाने कुणाच्या गाईला घालू नका, जास्त कांदा जनावराला बाधतो. शेजारी द्राक्षबाग आहे म्हणता, तर ते खत न्यायला माणूस तुमच्या दारातच आहे. तेलकट खरकट्यासाठी बायोगॅस बरा, पुण्याच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस केला होता त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला होता, पण त्यालाही रोज निगा लागते, ती घेणारा माणूस नसेल तर नका करू. नाशिक महापालिकेनेही २०१७ मध्ये जर्मन संस्थेच्या मदतीने हॉटेलच्या ओल्या कचऱ्यावर चालणारा प्रकल्प सुरू केला, तुमच्या भागात ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी येते का, एकदा वॉर्डात विचारून ठेवा.)

आता चूल. त्या गिऱ्हाईकाचं बोलणं तुम्हाला लागलं हे कळतंय, पण तो अगदीच चूक नव्हता. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते, बाकी आजूबाजूला आणि धुरात. आणि तो धूर गिऱ्हाईकाला वाऱ्याच्या झुळकीबरोबर दोन मिनिटं येतो, छान वाटतो, गावची आठवण येते. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय की चुलीवर एक मावशी नऊ वर्षं बसतात. नऊ वर्षं, सकाळी सहापासून. त्यांना खोकला आहे का हो? डोळे चुरचुरतात का, पदर सारखा नाकाला असतो का? तुमच्या पत्रात पृथ्वी आहे, गोदावरी आहे, लेकीचं भविष्य आहे, मावशी फक्त एका ओळीत आहेत म्हणून विचारतेय.

चूल बंद करा असं मी म्हणणार नाही, ती तुमच्या बोर्डवर आहे आणि त्यावर दहा घरं चालत असतील. पण मटकी चुलीवर शिजवायची काही गरज नाही, ती मोठ्या प्रेशर कुकरात गॅसवर लावा, मोडाच्या मटकीला लागतो किती वेळ. चुलीवर फक्त कट, म्हणजे वाटण परतणं आणि तर्री येणं, जिथे त्या आचेने चवीत खरंच काही होत असेल तर होतं. चुलीला खाली जाळी बसवून घ्या म्हणजे हवा खालून लागते, मागे धुरांडं काढा ते शेडच्या वरपर्यंत, लाकूड चिरून वाळवूनच वापरा, ओलं लाकूड म्हणजे नुसता धूर. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात म्हणून लोक जाळतात, पण त्यांच्यावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, त्या जाळावर पापड वगैरे थेट भाजू नका आणि मावशींना तो धूर तर नकोच. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. तो आदेश तुम्हाला लागू नाही, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

गॅसवरचंही जरा बघा. भांड्यांच्या बुडाला काजळी धरते का? धरत असेल तर बर्नर चोंदलाय, ज्योत पिवळी आहे आणि १९ किलोच्या सिलिंडरमधला काही गॅस फुकट चाललाय. उकळी फुटल्यावर ज्योत मोठी ठेवून काही होत नाही, पाणी त्याहून तापत नाही, नुसती वाफ होते. आणि सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत रस्स्याचं पातेलं आचेवर ठेवायची जी पद्धत आहे तिच्याऐवजी जाड झाकणाच्या, दुहेरी भिंतीच्या भांड्यात थोडा थोडा काढून घ्या. फक्त तो ६५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कोमट रस्सा म्हणजे पोट बिघडायचं आमंत्रण.

तेलाबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात की शेव घरीच काढता आणि वापरलेलं तेल एक माणूस डबा भरून घेऊन जातो, पैसेही देतो. ताई, तो ते कुठे नेतो? हे विचारलंय का कधी? असलं काळं तेल स्वस्तात घेऊन भजी-वडे तळणाऱ्यांना विकलं जातं हे बाजारात सगळ्यांना माहितीये. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे की तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तळून तळून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचंच नाही, आणि त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची 'रुको' योजना सुरू केली. त्यातल्या नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या. दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील. शेवेचे जळके कण रोज गाळून काढले तर तेल टिकतंही जास्त, आणि जुन्यात नवं ओतत राहायचं नाही.

तेच तेल मोरीत जातं तेव्हा काय होतं ते तुम्ही तुंबलेल्या चेंबरवर बघितलंच असेल. तर्रीची भांडी धुण्याआधी चुलीची राख टाकून पुसून घ्या, आपल्या आज्या करायच्या तसं, राख तेल ओढून घेते. मोरीच्या पुढे ग्रीस ट्रॅप बसवा, साधी दोन-तीन कप्प्यांची टाकी असते, तेल वर तरंगतं ते काढता येतं, पाणी खालून पुढे जातं. दर आठवड्याला साफ करायला लागते आणि ते काम घाण असतं, हे आधीच सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नको. पण नाल्याचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं, आणि २०२७ च्या सिंहस्थात तुमच्याकडे रविवारची गर्दी रोज असणार आहे. तेव्हा हे बसवायला वेळ मिळणार नाही.

सोलरबद्दल तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की कल्पना चांगली आहे, क्रम चुकलाय. तुमचा धंदा सकाळ-दुपारचा, ऊन असतानाचा, आणि व्यावसायिक विजेचा दर घरगुतीपेक्षा महाग, त्यामुळे सोलर तुम्हाला परवडेलही. पण कुणी एजंट येऊन 'सूर्यघर' योजनेची ७८ हजारांची सबसिडी मिळेल म्हणत असेल तर ती घरगुती कनेक्शनला आहे, हॉटेलला नाही. आधी डीप फ्रीझरच्या दाराचं रबर बघा. दारात दहाची नोट ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची, अलगद निघाली तर तिथून थंडावा चोवीस तास बाहेर चाललाय. मागची जाळी धुळीने आणि पिठाने भरलेली असते ती साफ करा. दिवे, पंखे बघा, साधा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. हे करून सहा महिन्यांची बिलं बघा आणि मग किती किलोवॉट लागतील ते ठरवा, कदाचित कर्ज निम्मंच लागेल. भांडी धुवायच्या गरम पाण्यासाठी छपरावर सोलर बंब मात्र आत्ताही बसवायला हरकत नाही.

आता सासरे. तुम्ही विचारलंय त्यांना कसं पटवू. मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं की त्या घरात आधीच एक माणूस हे सगळं करतोय. तुम्हीच लिहिलंय की ते लाईट बंद करत फिरतात, चुलीत एक लाकूड जास्त गेलं तरी ओरडतात, ताटात टाकणाऱ्या गिऱ्हाईकाकडे असं बघतात की तुम्हाला लाज वाटते. तुम्ही त्याला चिकटपणा म्हणालात. मग त्यांचा राग पर्यावरणावर आहे की नऊ रुपयांच्या डब्यावर? तो डबा महाग आहे हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि स्टीलच्या ताटल्या काढून टाकल्या हे त्यांना लागलं असणार, त्या त्यांनी एकेक करून जमवल्या असतील.

त्यांच्यापुढे 'इको-फ्रेंडली' हा शब्द नका काढू, 'वाया' म्हणा. ताटल्या परत बाहेर काढा आणि त्यांनाच सांगा की दादा, तुमचं बरोबर होतं. मग वजनाची वही त्यांच्या हातात द्या, तुमच्या नाही, नवऱ्याच्या नाही. रविवारी मोरीपाशी खुर्ची टाकून ते बसले की पोरं रस्सा कसा जपून वाढतात ते बघाच. नातीला शेजारी बसवा, ती आकडे लिहील आणि ते ओरडतील, दोघांचं जमेल. गॅस, मटकी, कपांचं बिल यात जे वाचेल ते वेगळ्या डब्यात ठेवायचं आणि त्यातून आधी मावशींचं धुरांडं, मग ग्रीस ट्रॅप, मग पार्सलच्या डब्यांचा जास्तीचा खर्च. स्वतःच्या वाचवलेल्या पैशातून आलेल्या वस्तूला ते चोचले म्हणणार नाहीत. म्हटले तर म्हटले, एवढं चालायचंच घरात.

बोर्ड रंगवायची घाई नको. 'इको-फ्रेंडली मिसळ' लिहिलं की पहिलं गिऱ्हाईक चुलीच्या धुराकडे बोट दाखवणार, दुसरं बिसलेरीच्या बाटल्यांकडे. लिहायचंच तर 'डबा आणा, दहा रुपये वाचवा' एवढं लिहा.

आणि पहिल्या रविवारचे तिन्ही बादल्यांचे आकडे मला नक्की कळवा, दुसऱ्या बादलीचा जरा जपून मोजा, पोरं लाजेने त्यातलं थोडं आधीच गटारात ओततात, आमच्याकडे ओतायची.